एकाच जातीचे सरडे, जागोजागी वेगळे रंग: प्रकल्प नोंदी

४ जून

प्रकल्पाची व्याप्ती आज नक्की झाली. एकाच जातीचे सरडे एका भागात काळपट, दुसरीकडे फिके, तिसरीकडे हिरवे किंवा निळे का असतात, याची आजवर तपासली गेलेली कारणं गोळा करायची आणि त्यावरून पुढच्या हंगामात मैदानात वापरता येईल असा मोजणीचा आराखडा बसवायचा. वाचन आणि आराखडा माझ्याकडे, कॅमेरा आणि उपकरणं जोडीदाराकडे.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "काळ्या लाव्ह्यावरचा काळा सरडा. काळा का, सांगा." कातडीत मेलॅनिन जास्त म्हणून. काळ्या दगडावर वाढला म्हणून. फिके सरडे पक्ष्यांनी टिपले, काळे उरले म्हणून. त्याचे पूर्वज आधीपासूनच काळे होते म्हणून. ही चारही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, तेव्हा एकाच्या जोरावर दुसरं खोडायचं नाही, ही त्यांची अट. निको टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाबद्दल चार प्रकारचे प्रश्न वेगळे केले होते, तीच विभागणी आम्ही रंगाला लावतोय. शीटला चार रकाने पाडले.

स्वतःचा कल इथेच नोंदवून ठेवतो. "रंग जमिनीशी जुळतो, अर्थात लपण्यासाठी" हे वाक्य दिसलं की मी दोनदा वाचतो. बऱ्याचदा ते खरंही निघतं, पण ते सिद्ध करायला लागणारं काम वाक्यामागे असेलच असं नाही.

८ जून

कातडीची रचना. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून आधी हे.

वरच्या थरात पिवळ्या-तांबड्या पेशी, झँथोफोर. त्याखाली इरिडोफोर: यांत रंगद्रव्य नाही, ग्वानीनचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्या मांडणीवर कोणता प्रकाश परत फिरणार ते ठरतं. सर्वांत खाली मेलॅनोफोर, काळ्या-तपकिरी मेलॅनिनने भरलेले, वरच्या थरांकडे फांद्या पसरलेले. बहुतेक हिरव्या सरड्यांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. स्फटिकांवरून परतलेला निळा प्रकाश वरच्या पिवळ्या थरातून गाळून येतो आणि आपल्याला हिरवा दिसतो.

पिवळ्या-तांबड्यातही दोन घराणी आहेत. कॅरोटिनॉइड सरड्याला शरीरात बनवता येत नाहीत, ती खाण्यातून येतात. टेरिडीन शरीरातच तयार होतात. त्यामुळे दोन ठिकाणच्या सरड्यांचे गळे वेगळे केशरी असतील, तर तो फरक किड्यांच्या उपलब्धतेचा असू शकतो किंवा जनुकांचा. नुसतं बघून सांगता येत नाही. शीटमध्ये रंगाच्या नावाशेजारी "रंग कशातून आलाय" असा रकाना घातला.

१३ जून

व्हाइट सँड्स. या विषयात हे टाळून पुढे जाताच येत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या आहेत, सुमारे ७१२ चौरस किलोमीटर. भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालच्या: वय दहा हजार वर्षांहूनही कमी. भोवतालची जमीन तपकिरी. तीन वेगवेगळ्या जातींचे सरडे, स्केलोपोरस, होलब्रुकिया आणि अस्पिडोसेलिस या वंशांतले, आसपासच्या गडद जमिनीवर तपकिरी आहेत आणि पांढऱ्या वाळूवर फिकट.

एरिका ब्री रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांनी एमसी१आर या जनुकाकडे पाहिलं. या जनुकापासून बनणारा ग्राहक, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, मेलॅनोफोरच्या पटलावर बसतो आणि त्याला संदेश मिळाला की गडद मेलॅनिनचं उत्पादन वाढतं. तिन्ही जातींत फिक्या रंगाशी जोडलेला या जनुकातला बदल सापडला, पण प्रत्येकीत तो निराळ्या जागी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेलं पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्केलोपोरसमध्ये बदललेला ग्राहक पेशीच्या पटलात नीट बसतच नाही. अस्पिडोसेलिसमध्ये तो बसतो, पण संदेश आत पोचवण्यात कमी पडतो. पहिल्यात फिकेपणा प्रभावी ठरतो, दुसऱ्यात अप्रभावी.

हे कागदावर मांडून पाहिलं. समजा, फिक्या रंगाचं जनुक वाळूच्या कडेवरून गडद जमिनीकडे सरकलं. प्रभावी असेल तर एक प्रत आली तरी सरडा फिका दिसतो आणि गडद जमिनीवर लगेच पक्ष्याच्या नजरेत भरतो. अप्रभावी असेल तर एक प्रत घेऊन फिरणारा सरडा गडदच दिसतो आणि जनुक लपून लांबवर जाऊ शकतं. दोन्ही जातींवर नैसर्गिक निवडीचा दाब सारखाच धरला, तरी सीमेवरचं चित्र वेगळं यायला हवं. नकाशावर रंग किती अंतरात बदलतो याचा अर्थ लावताना हे विसरलं तर सगळं खापर "दाब कमी-जास्त" यावर फुटेल.

दुसरी गोष्ट: तीन जाती, एकच वाळू, एकच जनुक, तरी आत घडलेलं वेगळं. दोन ठिकाणचे काळे सरडे पाहून "कारण एकच असणार" म्हणायला इथे जागा उरत नाही.

१७ जून

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातला पिस्गा लाव्हा. वय सुमारे २२,५०० वर्षं. उटा स्टॅन्सबुरियाना नावाचा छोटा सरडा लाव्ह्यावर गडद, बाजूच्या वाळूवर फिका.

इथलं २०१८ चं काम मी शीटमध्ये सगळ्यात वर ठेवलंय. एकाच सरड्याची जमीन बदलली की त्याचा रंग आठवड्या-महिन्यांत बदलतो, हे दिसलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर उत्तर "वाढण्या-राहण्याचा परिणाम" असं आलं असतं. पण मेलॅनिनच्या निर्मितीशी संबंधित दोन जनुकांत, पीआरईपी आणि पीआरकेएआर१ए, लाव्ह्यावरचे आणि बाहेरचे सरडे वेगळे निघाले. त्यावरून उभं राहणारं चित्र असं: लाव्ह्यावर पोचलेले पहिले सरडे स्वतःच्या रंगबदलाच्या लवचिकतेवर जेमतेम गडद होऊन तगले असतील, आणि मग निवडीने त्यापुढचा गडदपणा जनुकांत पक्का केला असेल.

म्हणजे "जनुकं की परिस्थिती" हा वाद इथे घालण्यात अर्थ नाही. परिस्थितीने वेळ मिळवून दिला, जनुकांनी त्या वेळात काम केलं.

एक तांत्रिक शेरा. रंगबदल दोन वेगांचा असतो. मेलॅनोफोरमधले कण पसरणं किंवा आकसणं मिनिटांत होतं. पेशींची संख्या आणि मेलॅनिनचा साठा बदलायला आठवडे लागतात. आराखड्यात दोन्हींसाठी वेगळी मोजणी हवी.

२४ जून

संग्रहालयातले जुने नमुने पाहायला गेलो. अपेक्षा अशी की शंभर वर्षांपूर्वीचे सरडे आणि आजचे फोटो शेजारी ठेवून रंगभेद जुना की नवा ते कळेल.

बाटलीचं झाकण काढल्यावर अल्कोहोलच्या वासाबरोबर जो सरडा चिमट्यात आला, त्याच्या चिठ्ठीवर "हिरवा" लिहिलेलं. हातात होता तो निळसर राखाडी. पोटाकडे अजून निळा, पाठीवरच्या खवल्यांच्या कडा काळ्या आणि धारदार. द्रावणाने पिवळी रंगद्रव्यं धुऊन नेलेली, स्फटिक आणि मेलॅनिन मागे राहिलेलं. ८ जूनच्या नोंदीतले तीन थर, वरचा काढून टाकलेला. जोडीदार भिंगातून बराच वेळ एकाच खवल्याकडे बघत बसला होता, मीही त्याला घाई केली नाही.

व्यवहारात याचा अर्थ: जुन्या नमुन्यांवरून काळ्या पट्ट्यांची रुंदी, ठिपक्यांची मांडणी, एकूण मेलॅनिनची विभागणी मोजता येईल. पिवळा, केशरी, हिरवा यांबद्दल त्यांना काही विचारू नये. नमुना टिपणाऱ्याने ताज्या रंगाचं वर्णन लिहून ठेवलं असेल तर ते मात्र सोन्यासारखं आहे, आणि चिठ्ठ्यांवर असं वर्णन दुर्मीळ आहे. पट्ट्यांच्या मोजणीसाठी परवानगीचा अर्ज दिला.

२ जुलै

कॅमेऱ्याची चाचणी. साधा बागेतला सरडा, कॅलोटिस, मोठा नर. काठीच्या टोकाला दोऱ्याचा सरकता फास लावून धरला.

कुंपणावर बसला होता तेव्हा डोकं आणि गळा लालभडक, गालाशी काळा डाग, बाकी अंग फिकट पिवळसर. फास मानेत गेला, तो झटकला, हातात आला. तोवर गळ्याची लाली कडेने उतरायला लागलेली. ग्रे कार्डाशेजारी (रंग ताडायचं ठरावीक राखाडी कार्ड) धरून जोडीदाराने कॅमेरा जुळवला तेव्हा गळा विटकरी होता, पाठीवर आधी न दिसलेले आडवे तपकिरी पट्टे उमटलेले. पिशवीत सावलीत ठेवून परत काढला तर तिसराच रंग. सोडल्यावर झाडाच्या बुंध्यावर चढला, पलीकडच्या बाजूला गेला आणि डोकावून आमच्याकडे बघत राहिला. लाली परतली नव्हती.

हा एकच सरडा, एकच जागा, आणि पकडल्यापासूनच्या काही मिनिटांतले तीन रंग. दोन गावांतले सरडे असे वेगवेगळ्या क्षणी टिपले तर त्यांतून हवा तो "भौगोलिक" फरक काढून दाखवता येईल. म्हणून पुढचे नियम लिहून टाकले. पकडल्यापासून किती वेळाने मोजणी झाली ते प्रत्येक नोंदीत. मोजणीआधी सगळ्यांना एकाच तापमानाच्या अंधाऱ्या पेटीत ठेवायचं. अंगाचं तापमान मोजायचं, कारण गार पडलेला सरडा गडद होतो. नर, मादी, पिल्लू वेगळे. कात टाकायच्या बेतात असलेला सरडा मळकट दिसतो, त्याला वेगळी खूण.

फोटो जेपेगमध्ये नाही, रॉ फाइलमध्येच. कॅमेरा रंग स्वतःहून "सुधारतो", ते आम्हाला नको. आणि अतिनीलसाठी स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कोणता प्रकाश किती परततो ते मोजणारं यंत्र, लागणारच. सरड्यांना आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनील दिसतं, आपल्याला आणि साध्या कॅमेऱ्याला नाही. आपल्या डोळ्यांनी "हे दोन गळे सारखेच" म्हणणं हा माणसाचा निवाडा झाला, सरडीचा नव्हे.

६ जुलै

आधी विचारायला हवा तो प्रश्न: जात एकच आहे ना?

मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन, फुर्सिफर पार्डालिस, याचं ठळक उदाहरण. किनाऱ्याच्या प्रत्येक पट्ट्यात नर निराळ्या रंगाचा, नोसी बे बेटावरचा निळा-हिरवा, इतरत्र लाल, पट्टेदार. पाळणारे लोक तर गावाच्या नावानेच रंग ओळखतात. २०१५ मध्ये ३२४ शॅमेलिऑनांच्या डीएनएचा आणि फोटोंचा अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांनी सुचवलं की ही एक जात नसून ११ असाव्यात. आमचा परवाचा कॅलोटिसही त्यातलाच: दक्षिण आशियाभर "कॅलोटिस व्हर्सिकलर" या एकाच नावाखाली मोडणारे सरडे २०२१ मध्ये जनुकीय पुराव्यावर एकाहून जास्त जातींत विभागले गेले.

जात वेगळी निघाली की रंगभेदाचा प्रश्न मिटत नाही, पण बदलतो. दोन जातींतला फरक लाखो वर्षांच्या वेगळेपणात कशानेही पडू शकतो. एका जातीत जनुकांची ये-जा चालू असताना फरक टिकून राहिला, तर तो टिकवणारं काहीतरी आजही काम करतंय. आम्हाला दुसरी स्थिती हवी. म्हणून डीएनएसाठी शेपटीच्या टोकाचा कणभर तुकडा पहिल्या दिवसापासून घ्यायचा, शेवटी वेळ उरला तर असं नाही.

११ जुलै

तापमान. चार्ल्स बोगर्ट यांनी १९४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं तापमान-नियमन उत्क्रांतीच्या चर्चेत आणलं. गडद कातडी ऊन जास्त शोषते, म्हणून थंड, ढगाळ, धुक्याच्या जागी काळ्या सरड्याला लवकर तापून लवकर कामाला लागता येतं, हा त्यातून वाढलेला तर्क. दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जिथे धुकं फार, तिथे काटेरी शेपटीचे कॉर्डिलिड सरडे काळे आढळतात. स्पेनच्या सिएरा नेव्हाडात सामोड्रोमस अल्जीरस उंचीबरोबर गडद होत जातो.

पण उंचीबरोबर थंडी वाढते आणि अतिनीलही वाढतं. मेलॅनिन दोन्हींवर उपयोगी. उंचीचा आलेख कितीही सुबक आला तरी त्यातून दोघांना सोडवता येणार नाही. आर्द्रता आणखी तिसरी: दमट भागातले प्राणी गडद, हा ग्लोगरचा नियम १८३३ पासून चालत आलाय आणि त्यामागचं कारण एकच नाही.

यावर जोडीदाराने चांगला मुद्दा काढला. काळा लाव्हा उन्हात आधीच भाजतो. तिथे काळं असणं तापमानाच्या दृष्टीने तोट्याचं असायला हवं. तरी लाव्ह्यावरचे सरडे काळे आहेत, म्हणजे तिथे लपण्याने तापण्यावर मात केली असं म्हणायला थोडा आधार मिळतो. व्हाइट सँड्समध्ये हा आधार मिळत नाही: फिकं असणं लपायलाही बरं आणि गार राहायलाही बरं, दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढतात. जागा निवडताना हे लक्षात ठेवायचं. दोन कारणं जिथे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात ती जागा आमच्या कामाची.

१५ जुलै

इतिहास. या रकान्यात आत्तापर्यंत फार कमी होतं.

कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा अ‍ॅनोलिस रोके. आजचं बेट पूर्वी वेगवेगळी बेटं होती, ती पुढे जोडली गेली. प्रत्येक जुन्या बेटावर लाखो वर्षं वेगळं राहिलेलं सरड्यांचं घराणं आज एकाच बेटावर शेजारी-शेजारी आहे. त्याच वेळी बेटावर हवामानाचे दोन टोकाचे पट्टे आहेत: किनाऱ्याला कोरडं खुरटं रान, तिथले सरडे फिके राखाडी-तपकिरी, डोंगरात दमट जंगल, तिथले गर्द हिरवे, काळ्या-पांढऱ्या खुणांचे.

रॉजर थॉर्प आणि सहकाऱ्यांनी यातून सरळ परीक्षाच घेतली. जुनी घराणी जिथे भेटतात तिथे जनुकांची देवाणघेवाण जास्त अडते, की कोरडं आणि दमट रान जिथे भेटतं तिथे? २०१० च्या निष्कर्षानुसार अडसर रानाच्या सीमेवर जास्त होता. लाखो वर्षांच्या वेगळेपणाने जे झालं नाही ते काही किलोमीटरच्या हवामानबदलाने केलं.

मला स्वतःला उलट उत्तराची अपेक्षा होती. पण याचा अर्थ इतिहास रद्द झाला असा घेऊ नये. मार्टिनिकला दोन्ही सीमा वेगवेगळ्या जागी आहेत म्हणून तरी ही परीक्षा घेता आली. बहुतेक ठिकाणी डोंगराच्या अलीकडे एक घराणं, पलीकडे दुसरं, आणि हवामानही तिथेच बदलतं. तिथे रंग कोणामुळे हे नकाशावरून कळणार नाही.

२१ जुलै

आजवरच्या नोंदींत पाठच जास्त. गळा आणि पोट मागे पडलेत. पाठ वरून येणाऱ्या शत्रूला दिसते, गळा समोरच्या नराला किंवा मादीला. एकाच सरड्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची नजर.

प्वेर्तो रिकोचा अ‍ॅनोलिस क्रिस्टाटेलस: दमट, सावलीच्या रानातल्या नरांचा गळपंखा (गळ्याखाली पसरणारी कातडी) जास्त उजळ, कोरड्या उघड्या रानातल्यांचा गडद. सावलीत उजळ पंखा उठून दिसतो, लख्ख प्रकाशात गडद. लील आणि फ्लाइशमन यांनी २००४ मध्ये हे सरड्याच्या डोळ्याच्या हिशेबाने मांडलं. म्हणजे इथे भौगोलिक फरक लपण्यासाठी नसून दिसण्यासाठी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातला टेनोफोरस डेक्रेसी: दक्षिणेकडच्या नरांचे गळे निळे, अतिनील परतवणारे, उत्तरेकडे मात्र एकाच वस्तीत केशरी, पिवळे, दोन्ही मिसळलेले आणि करडे. "या भागाचा रंग कोणता" हा प्रश्नच तिथे चालत नाही, कुठल्या रंगाचे किती नर हे विचारावं लागतं. शीटमध्ये एका वस्तीला एक रंग असा रकाना होता, तो मोडून प्रमाण लिहायची सोय केली.

२६ जुलै

पोडार्सिस. भूमध्य समुद्राभोवतीच्या या सरड्यांवर एक स्वतंत्र प्रकल्प होईल, म्हणून तीनच गोष्टी.

पोडार्सिस मुरालिसचं पोट पांढरं, पिवळं किंवा केशरी. २०१९ मध्ये कळलं की यामागे दोन जनुकांच्या नियंत्रणातले बदल आहेत: एसपीआर टेरिडीनच्या वाटेवरचं, बीसीओ२ कॅरोटिनॉइडच्या. कॅरोटिनॉइड खाण्यातूनच येतं, पण त्याचं पुढे काय करायचं ते जनुक ठरवतं. ८ जूनला मी "किडे की जनुकं" असं लिहिलं, त्याच्या मधला हा दुवा.

याच जातीत मध्य इटलीकडून काळ्या-हिरव्या, मोठ्या डोक्याच्या, भांडकुदळ नरांचं रूप उत्तरेकडे पसरतंय. हे नर मारामारीत जिंकतात, दुसऱ्या घराण्याच्या माद्यांशी जुगतात आणि त्यांची जनुकं एकाच दिशेने सरकत राहतात. दगड कोणत्या रंगाचा याच्याशी देणंघेणं नाही. नकाशावरची रंगाची सीमा चालती आहे, आणि आपण तिचा एका क्षणीचा फोटो घेऊन त्याला कारण चिकटवायला बसतो.

तिसरं, इटलीतल्या काप्री बेटाजवळच्या फाराल्योनी सुळक्यावरचा निळा सरडा. थिओडोर आयमर यांनी १८७० च्या दशकातच त्यावर लिहिलं. भूमध्य समुद्रातल्या अनेक चिमुकल्या बेटांवर असे काळे-निळे सरडे आहेत. एक मत असं की रंगाचा स्वतःचा फायदा नसेलही: मेलॅनोकॉर्टिन या संदेशव्यवस्थेचा हात रंगाबरोबर आक्रमकपणा आणि प्रजननातही असतो, आणि दाटीवाटीच्या बेटावर निवड त्या गुणांची झाली की रंग मागून फरफटत येतो. शिवाय इतक्या लहान वस्तीत निव्वळ योगायोगानेही एखादं जनुक सर्वत्र होऊ शकतं. हे दोन्ही रकाने भरायला सगळ्यात कठीण, म्हणून लोक ते रिकामे ठेवतात.

१ ऑगस्ट

आज वाचलेल्या एका कामाने आराखडा बदलला. एजियन बेटांवरचा पोडार्सिस एर्हार्डी. २०१६ च्या अभ्यासात दिसलं की सरडे बसायला जे दगड निवडतात, ते पक्ष्याच्या नजरेने पाहता त्या-त्या सरड्याच्या स्वतःच्या पाठीशी आसपासच्या इतर दगडांपेक्षा जास्त जुळतात. म्हणजे जुळणं हे रंगातून येतं तसं वागण्यातूनही येतं. आमच्या आराखड्यात पार्श्वभूमी म्हणून "सरडा बसलेला दगड" मोजायचं ठरलं होतं. आता त्याबरोबर आजूबाजूला चिठ्ठ्या टाकून निवडलेले दगडही मोजायचे. दोन्हींतला फरक म्हणजे सरड्याची निवड.

पक्षी खरंच टिपतात का, हे तपासायला मातीचे रंगवलेले सरडे ठेवून चोचीच्या खुणा मोजतात. उपयोगी पद्धत आहे, पण मातीचा सरडा हलत नाही आणि दगडही निवडत नाही. आणि मैदानातला प्रयोग सांगितल्याप्रमाणे वागतोच असं नाही: खुद्द व्हाइट सँड्सला निवडीचा दाब मोजण्याच्या प्रयोगाचे निकाल अपेक्षेबाहेर गेले, आणि त्या गटाने २०१५ मध्ये ते तसेच प्रसिद्ध केले. अशी कामं जास्त वाचायला मिळायला हवीत.

६ ऑगस्ट

चाळकेवाडीचं पठार, सह्याद्री. सरडा सुपर्बा ही जात, निळ्या-काळ्या-केशरी गळपंख्याची. मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं काम: पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, सरड्यांची संख्या जास्त, त्यांच्या अंगातलं ताणाचं संप्रेरक कमी, शरीरस्थिती मात्र खालावलेली, आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके.

एकच पठार, एकच जात. खडक तोच, हवा तीच. पवनचक्क्यांना जितकी वर्षं झालीत तेवढ्यात जनुकांनी इतकं काम केलं असण्यापेक्षा दाटीमुळे खाणं वाटलं जाणं मला जास्त संभवनीय वाटतं, पण हे माझं वाचन. आमच्या शीटला "माणसाने बदललेली जागा" असा रकानाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, वेगळा रकाना नको, शत्रू, खाणं, दाटी या आहेत त्याच रकान्यांत भरा. कारण माणूस असला तरी सरड्यापर्यंत ते याच वाटांनी पोचतं. पटलं.

१२ ऑगस्ट

आराखड्याचा मसुदा.

काळ्या आणि फिक्या जमिनीची एकच जोडी घ्यायची नाही. एका जोडीत सगळंच वेगळं असतं, त्यातून रंगाला काहीही चिकटवता येतं. एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक जोड्या हव्यात, आणि प्रत्येक जोडीत मधल्या पट्ट्यातलेही नमुने, म्हणजे रंग किती अंतरात पालटतो ते दिसेल. जमिनीचा रंग आणि तापमान निदान काही जागी उलट दिशेला हवेत: गडद पण थंड खडक, गडद आणि तापणारा खडक, उंचावरची फिकी माती.

रंगातला फरक निवडीविना बदलणाऱ्या जनुकांतल्या फरकाशी ताडून पाहायचा. जवळचे सरडे नात्यानेच सारखे असतात. रंगातला फरक त्या नात्याच्या हिशेबापेक्षा जास्त भरला तरच निवडीचं नाव काढायचं. पण तो फरक जनुकांचा की जागेचा हे कळायला सरड्यांची पैदासही लागेल. दोन्ही जागच्या माद्यांची अंडी एकाच जागी उबवून पिल्लं अर्धी गडद, अर्धी फिक्या जमिनीवर वाढवायची. हे सगळ्यात खर्चिक आणि वेळखाऊ आहे, आणि याच्याशिवाय बाकी सगळ्या मोजणीला "बहुधा" जोडावं लागेल.

जोडीदाराचं म्हणणं, मातीचे सरडे पहिल्याच हंगामात करू, ते स्वस्त आहेत. माझं म्हणणं, स्वस्त आहेत म्हणूनच आधी होतात आणि मग त्यांच्याच निकालाभोवती बाकी कहाणी विणली जाते. तिढा मॅडमपुढे ठेवला.

१८ ऑगस्ट

निर्णय झाला. पहिल्या हंगामात पकडून मोजणी, दगडांची मोजणी, शेपटीचे नमुने. माद्या आणि अंड्यांच्या पेट्या दुसऱ्या हंगामात, परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच जाईल. मातीचे सरडे तिसऱ्या हंगामात, आणि त्यांचे रंग आम्ही डोळ्यांनी न ठरवता पहिल्या हंगामातल्या स्पेक्ट्रोमीटरच्या आकड्यांवरून बनवायचे. त्यामुळे जोडीदाराला आता अतिनीलमध्येही जुळेल असा रंग शोधायचाय. दुकानातल्या डब्यावर ते लिहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येक रंगाचा एक ठिपका पुठ्ठ्यावर लावून तो मोजतोय.